दोन स्टार आणि पोर्ट लुईची शनिवार दुपार: टूरवाल्याचं उत्तर

नमस्कार भाऊसाहेब,

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही आमच्या जळगावच्या ग्रुपबरोबर मॉरिशसला आलात आणि परतल्यावर वेळ काढून रिव्ह्यू लिहिलात, त्याबद्दल आभार. स्टार दोनच दिलेत, तो तुमचा हक्क. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बाकी सहल ठीक, पण शनिवारची दुपार वाया गेली. राजधानी म्हणून पोर्ट लुईला नेलं तर निम्मी दुकानं बंद, गाईड नाही, कार्यक्रम नाही. अंधाऱ्या खोलीत पोस्टाची तिकिटं दाखवली, रस्त्यावरचं खायला लावलं. "वडाखाली बसायला मॉरिशसला कशाला जायचं?" आणि शेवटी, अर्ध्या दिवसाचे पैसे परत द्या.

वडाचं वाक्य आमच्या ऑफिसात सगळ्यांना आवडलं, हे आधी सांगतो. आता उत्तर.

ती दुपार मोकळी राहून गेली नव्हती, ती आम्ही मुद्दाम मोकळी ठेवतो. बुकिंगच्या वेळी दिलेल्या कागदावर लिहिलेलं आहे: सकाळी आप्रवासी घाट, दुपारी शहरात मोकळा वेळ, जेवण स्वखर्चाने, संध्याकाळी साडेपाचला बस. घाट सकाळी घेतो कारण शनिवारी तो अर्धाच दिवस उघडा असतो. तिथल्या त्या सोळा दगडी पायऱ्यांवर तुम्हीच बराच वेळ उभे होतात. 1834 पासून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर याच बंदरात उतरत होते, साडेचार लाखांहून जास्त माणसं. त्यातली बहुतेक बिहारकडची, पण मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातलीही होती. 2006 मध्ये युनेस्कोने घाटाला जागतिक वारसा यादीत घेतलं. रिव्ह्यूत या सकाळचा उल्लेख नाही. असो.

दुकानं बंद का, तर शनिवार दुपार होती म्हणून. पोर्ट लुई हे कामाचं शहर आहे. आठवडाभर रस्त्यात गाड्यांची नुसती रांग असते, आणि शनिवारी दुपारनंतर कचेऱ्या बंद झाल्या की माणसं वर पठारावरच्या आपापल्या गावी जातात. याचं मूळ जुनं आहे. 1867 च्या सुमारास शहरात हिवतापाची भयंकर साथ आली आणि ज्यांना परवडत होतं ते पठारावरच्या क्युरपीप गावाच्या थंड हवेत राहायला गेले. ती सवय अजून टिकून आहे. आमचं प्रामाणिक मत विचाराल तर ते शहर पायी बघायचं असेल तर हीच वेळ. एरवी रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो, जुन्या लाकडी सज्ज्यांकडे मान वर करून बघणार कधी?

गाईड दिला नाही, कारण गाईड आला की माणूस झेंड्यामागे पळतो. आमचा माणूस साडेपाचपर्यंत कोदाँ वॉटरफ्रंटवर फोन घेऊन बसलेला होता. अडचण आली म्हणून कोणाचाही फोन आला नाही. तुमचा एक आला होता, वायफायच्या पासवर्डसाठी.

अंधाऱ्या खोलीबद्दल. ब्लू पेनी म्युझियममधली ती दोन तिकिटं 1847 ची आहेत, एक पेनीचं नारिंगी आणि दोन पेन्सचं निळं. ब्रिटिश वसाहतींनी काढलेल्या अगदी पहिल्या तिकिटांपैकी. 1993 साली तिथल्या एका बँकेच्या पुढाकाराने काही कंपन्यांनी मिळून लिलावात ती घेतली आणि मायदेशी आणली. उजेडाने शाई उडते, म्हणून अस्सल तिकिटांवर तासाभरात काही मिनिटंच दिवा लावतात, बाकी वेळ नक्कल बघायची. आम्ही ग्रुपला बरोबर त्या वेळेला आत नेलं. प्रवेशाचे पैसे भरून बाहेर पडल्यावर "नक्कलच दिसली" म्हणणारे पर्यटक आम्ही पाहिलेत, तुम्ही त्यातले नाही.

खाण्याचं. पॅकेजमध्ये नव्हतं ते कोणी "लावलं" नाही, पण सुचवलं होतं, आणि पुन्हाही सुचवू. मोठा भाजीबाजार त्या वेळी उघडा होता. तिथला ढोलपुरीवाला पातळ पोळी हातावर घेतो, आत शिजवलेल्या पिवळ्या डाळीचा भुगा पसरलेला, बिनगुळाची पुरणपोळीच म्हणा. एकावर एक दोन ठेवतो, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा रसा, हिरवी मिरची वाटलेली, आणि गुंडाळी करून कागदात देतो. आतलं सगळं शाकाहारी. आपल्या ग्रुपमधल्या धुळ्याच्या मावशी बसमधून उतरताना "आठे काय शे?" म्हणाल्या होत्या. त्यांनी मिरची दोनदा मागून घेतली आणि नंतर सब्जा घातलेला थंड दुधाचा आलूदा प्यायल्या. त्यांचा रिव्ह्यूही याच पानावर खाली आहे.

आणि वड. कंपनी गार्डनमधले ते वड जुने आहेत, पारंब्या जमिनीला टेकलेल्या, खाली बाकांवर तिथलीच माणसं पेपर वाचत, गप्पा मारत बसतात. कोणी तुम्हाला बसवून ठेवलं नव्हतं. तुम्ही बसलात, बूट काढलेत, आणि ग्रुपच्या फोटोत तरी चेहरा त्रासलेला दिसत नाही. ज्यांना बसायचं नव्हतं ते सिटाडेलवर चढून गेले. इंग्रजांनी 1834 ते 1840 मध्ये बांधलेला किल्ला, वरून एका बाजूला बंदर आणि दुसऱ्या बाजूला 1812 पासूनचं घोड्यांच्या शर्यतीचं मैदान दिसतं. दोन्ही पर्याय बसमध्ये सांगितले होते.

"मराठी माणूस भेटेल म्हणाले, कोणी भेटला नाही," हेही तुम्ही लिहिलंय. मराठी वंशाचे लोक तिथे आहेतच, गणेश चतुर्थीला देशाला सरकारी सुट्टी असते. पण बाजारात सगळेच क्रिओल, म्हणजे तिथली बोली, बोलतात. कोणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं.

पैशांचं: त्या दुपारसाठी वेगळी आकारणी नव्हती, म्युझियमचं तिकीट आमच्याकडून होतं. त्यामुळे परत देण्यासारखं त्यात काही नाही. पुढच्या ग्रुपपासून एवढं करतोय की ज्यांना खरेदीच करायची आहे त्यांच्यासाठी त्या दुपारी बागातेल मॉलला छोटी गाडी जाईल, भाडं वेगळं. नाव फॉर्म भरतानाच द्यायचं, ऐन वेळी बसमध्ये नाही.