विश्वास आणि क्रिया
तारण (पापातून सुटका) विश्वासाने होते, तर सत्कर्मे कशासाठी, हा प्रश्न मांडणाऱ्या लेखात लेखक बायबलच्या नव्या करारातील, पौलाच्या इफिसकरांस पत्राच्या 2:8-9 या वचनांवरच (तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे होते, कर्मांनी नव्हे) थांबले आहेत. लगेच पुढच्या, दहाव्या वचनात पौल सांगतो की आपल्याला सत्कृत्यांसाठीच निर्माण केले आहे. नव्या करारातील आपल्या पत्रात याकोब तर (2:15-17) उघड्या, उपाशी भावाला नुसते ‘ऊब घ्या, पोटभर जेवा’ म्हणून वाटेला लावणाऱ्याचा विश्वास निर्जीव ठरवतो. हे वाचले की सोलापुरातील आमची आजी आठवते. थंडीत दाराशी आलेल्या बाईच्या खांद्यावर तिने स्वतःच्या अंगावरची, कडेला विरलेली चादर घातली, आणि त्याने आपले तारण होईल असे तिने कधीच मानले नाही. बायबलमधील पूर्वज अब्राहामाचा दाखला पौल आणि याकोब दोघेही देतात, हेही लेखात यायला हवे होते.