‘नराधमांना कुरवाळता कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. तुरुंगातल्या हिंसक गुन्हेगारांवर मानसोपचार करणं हे माझं काम. त्यावर ‘खुनी लोकांशी गप्पा मारायचा पगार घेता, ते तुम्हाला गंडवतात आणि तुम्ही त्याला उपचार म्हणता’, असं तुम्ही लिहिलंय. गंडवण्याचं आधी घेतो, कारण त्यात तथ्य आहे.

कॅनडात ऑन्टारियोमधल्या ओक रिजच्या सुरक्षित मनोरुग्णालयात १९६०-७०च्या दशकांत हिंसक गुन्हेगारांना गटात बसवून एकमेकांची मनं उकलायला लावत. पुढे त्यांचं काय झालं, ते १९९२ साली छापून आलं. सायकोपॅथ, म्हणजे दुसऱ्याच्या दुःखाचं काहीच न वाटणारे, ठरलेल्यांनी सुटल्यावर हिंसक गुन्हे जास्तच केले होते; नुसता तुरुंग भोगलेल्या तशाच लोकांपेक्षाही जास्त. समोरच्याच्या मनात काय चाललंय हे कळायला लागलं आणि ते त्यांनी फसवायला वापरलं, असा अभ्यासकांचा कयास. म्हणून माझ्यासमोर कुणी ढसाढसा रडला तरी मी वहीत ‘सुधारला’ असं लिहीत नाही. बराकीत शिवी ऐकल्यावर हा हात उगारतो की बाजूला होतो, ते हवालदाराला विचारतो. हवालदार गोड बोलण्याला सहसा भुलत नाहीत!

पण ‘ही जात सुधारतच नाही’ हे मान्य नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मेंडोटा केंद्रात अतिशय हिंसक पोरांवर दीर्घकाळ, रोजच्या रोज काम केलं गेलं. नंतर त्यांचे हिंसक गुन्हे इतर तशाच पोरांपेक्षा बरेच कमी दिसले. वय कोवळं असलं तर फरक पडतो. पन्नाशीच्या सराईतापुढे मी मोठ्या आशेनं बसत नाही, हेही सांगून टाकतो.

कुरवाळण्याबद्दल: व्यक्तिमत्त्वविकार, म्हणजे सायकोपॅथासारखा स्वभावातच मुरलेला दोष, आहे म्हणून कुणी निर्दोष सुटत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २२, म्हणजे जुनं ८४, लागायला आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच कळू नये इतकं मन बिघडलेलं लागतं. माझ्याकडे येणाऱ्यांना ते पुरेपूर कळत असतं. आणि त्यातले बहुतेक एक दिवस सुटणारच. जानेवारीत सोलापूरच्या गड्डा जत्रेच्या गर्दीत तुमच्या-माझ्या शेजारी उभे असणार.

‘ज्यांचं वाटोळं झालं त्यांना कोण विचारतं?’ हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. माझी खुर्ची काढल्यानं तो सुटणार नाही. बलात्कार आणि ॲसिडहल्ल्यातल्या पीडितांसाठी २०१३पासून राज्याची मनोधैर्य योजना आहे, तीत पैशाबरोबर समुपदेशनही येतं. ओळखीत कुणी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात पाठवा. एकटं जायचं धाडस होत नसेल तर मी बरोबर येतो.