आर्थस 'बिचारा' नव्हता

सकाळी एकाने लिहिलेलं वाचलं: 'आर्थस बिचारा, तो तर जेलरच्या हातातलं बाहुलं होता.' आर्थस म्हणजे 'वॉरक्राफ्ट' गेममालिकेतला राजपुत्र, जो पुढे खलनायक होतो; जेलर म्हणजे मालिकेत फार उशिरा आणलेला सूत्रधार. त्या पोस्टखाली बदामांचा पाऊस. तेव्हापासून डोकं फिरलंय.

बिचारा?? 'वॉरक्राफ्ट ३' खेळलायत का तुम्ही लोक? २००२ चा गेम आहे, जुना आहे, मान्य. पण मग मतं तरी ठोकू नका.

मी आणि दादा एकाच खुर्चीत अर्धे-अर्धे बसून खेळायचो. माऊस अर्थातच त्याच्याकडे. स्ट्रॅथोल्मचं मिशन आलं. शहरात रोगट धान्य पोचलंय, लोक आज ना उद्या झॉम्बी होणार, आणि आपला हा सोनेरी केसांचा राजपुत्र म्हणतो, सगळं शहर कापून काढा. त्याचा गुरू उथर नाही म्हणाला. मैत्रीण जेना पाठ फिरवून निघून गेली. मग मालगॅनिस या राक्षसाशी शर्यत, आधी शंभर बळी कोण पूर्ण करतो त्याची. दादा पहिल्या घरापाशी थांबला. म्हणाला, "अगं, आपण चांगल्या बाजूचे आहोत ना?"

हा प्रश्न पडावा म्हणूनच तर ती गोष्ट लिहिली होती!

तेव्हा आर्थसच्या हातात फ्रॉस्टमोर्न, ती शापित तलवार, नव्हती. ती पुढे नॉर्थरेंड या बर्फाळ प्रदेशात मिळते. त्याआधी घरी परतायचा हुकूम येतो, तर हा भाडोत्री टोळी लावून स्वतःचीच जहाजं जाळतो, आणि वर आपल्या सैनिकांना सांगतो की या टोळीनेच जाळली, मारा यांना. त्या खोटेपणावर दादा हादरला होता. शहराबद्दल तो अजून आर्थसची बाजू घेत होता, जहाजांनंतर गप्प झाला. तलवार शापित आहे हे त्याचा बुटका साथीदार म्युराडिन याने वाचूनसुद्धा दाखवलं. तरी उचलली.

आणि २०२० मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चा 'शॅडोलँड्स' हा भाग येतो आणि सांगतो, ती तलवार आणि लिच किंगचं (आर्थस शेवटी तोच होतो) शिरस्त्राण मुळात जेलरसाठी घडवलेलं, सगळं त्याच्याच योजनेत होतं. जेलर! ज्याचं नाव आधीच्या एकाही गेममध्ये नाही! अरे, मग दादाचा तो प्रश्न कशासाठी होता?

रेटकॉनला, म्हणजे आधीची गोष्ट मागाहून बदलण्याला, माझा सरसकट विरोध नाही. गरोना हे पात्र आधी अर्धी माणूस होती, नंतर अर्धी ड्रेनाय (परग्रहावरची जमात) केली, तेच जास्त पटतं. म्युराडिन मेला म्हणून आम्ही हळहळलो आणि २००८ मध्ये तो स्मृती गेलेला, पण जिवंत सापडला. चालतं, आवडता बुटका आहे.

एरेदार या जमातीचा घोळ तर याहून मोठा होता. 'वॉरक्राफ्ट ३'च्या मॅन्युअलमध्ये एरेदार आधीपासूनच दुष्ट, त्यांच्यामुळे सार्गेरस या टायटनचं, म्हणजे देवासारख्या महाशक्तीचं, डोकं फिरतं. २००७ च्या 'बर्निंग क्रुसेड'मध्ये नेमकं उलट: सार्गेरसनेच एरेदारांना नासवलं, आणि जे पळाले ते ड्रेनाय. पण या जगाचा लेखक क्रिस मेट्झन याने सरळ कबूल केलं की आपणच लिहिलेलं आपण विसरलो. संपलं! माणूस आहे, विसरतो. त्या दिवशी मला तो आणखी आवडला.

आता काय करतात? २०१६ मध्ये 'क्रॉनिकल' हे पुस्तक काढलं, आम्ही अधिकृत इतिहास म्हणून पोथीसारखं वाचलं. पुढे म्हणे तो टायटनांच्या नजरेतून लिहिलेला होता. म्हणजे विसंगती तुमच्या गोष्टीत नाही, आमच्या वाचण्यात! ही पळवाट मला सहन होत नाही.

बरं, १९९४ पासून चाललेलं जग आहे, लिहिणारे हात बदलत राहिले, ताळमेळ कुठेतरी सुटणारच. ठीक आहे. तारखा चुकवा, वंशावळी चुकवा. पण ज्याने स्वतः ठरवून वाट सोडली त्याच्यामागे वीस वर्षांनी सूत्रधार उभा करू नका.

दादाला दुपारी ती पोस्ट पाठवली. तो आता गेम खेळत नाही, शॅडोलँड्स त्याला माहीतही नाही. त्याचं उत्तर आलं, "जहाजं कोणी जाळली मग?"

हेच त्या पोस्टखाली चिकटवून आलेय. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही, एकाने रागाचा इमोजी टाकलाय. टाका.

मेट्झन परत आलाय, 'द लास्ट टायटन' हा नवा भाग येणार आहे. मी घेणार. हो, घेणारच, हसू नका. पण आर्थसला पुन्हा हात लावला ना, तर याच्या दुप्पट लांबीची पोस्ट येईल, आत्ताच सांगून ठेवते.