वेगाचा दंड म्हणजे नुसती वसुली? एका फॉरवर्डची उलटतपासणी

एक मजकूर हातोहात फिरतो आहे. शब्द बदलतात, गाभा तोच: "वेगाच्या दंडाचा सुरक्षिततेशी काडीचा संबंध नाही, ही निव्वळ वसुली आहे. पाच-दहाने काय बिघडतं? अपघात वेगाने नाही, बेदरकारपणाने होतात. सुरक्षाच हवी असती तर पोलीस झुडपाआड लपले नसते. आणि त्यांची मशिनं तरी कुठे खरी असतात?" यातली वसुलीची तक्रार पोकळ नाही, म्हणून ती शेवटी सवडीने घेऊ. आधी बाकीचं.

"पाच-दहाने काय बिघडतं?"

ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर अंतर कापते. समोर कोणी आलं हे दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा. तेवढ्यात २१ मीटर संपले. रस्ता कोरडा आणि टायर चांगले असतील तर करकचून ब्रेक दाबल्यावर आणखी १४ मीटर. एकूण ३५. आता तीच गाडी, तोच चालक, वेग ६०. दीड सेकंदात २५ मीटर गेले. ३५ मीटरवर उभ्या असलेल्या माणसापर्यंत ब्रेकसाठी उरले १०, लागतात २०. जिथे पहिली गाडी त्या माणसाच्या पुढ्यात थांबली, तिथे दुसरी त्याला ताशी ४२ च्या वेगाने धडकते. वेग दहाने जास्त होता, धडक बेचाळीसची बसली.

कारण साधं आहे. गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६० वरून ७२ म्हणजे वेग २० टक्के जास्त, पण ब्रेकने जिरवायची ऊर्जा ४४ टक्के जास्त. स्वीडनच्या यॉरान निल्सन यांनी रस्त्यावरचा सरासरी वेग आणि अपघात यांचं जे गणित मांडलं, त्यात जीवघेण्या अपघातांचा आकडा सरासरी वेगाच्या साधारण चौथ्या घातासोबत हलतो: सरासरी १ टक्का वाढली की असे अपघात सुमारे ४ टक्क्यांनी वाढतात. आणि एवढं करून मिळतं काय? १० किलोमीटरचं अंतर ६० ऐवजी ७० ने कापलं तर वाचतं जेमतेम दीड मिनिट. तेही वाटेत एकही सिग्नल लागला नाही तर.

"अपघात वेगाने नाही, बेदरकारपणाने होतात"

या दाव्यामागे एक जुना आलेख आहे. १९६४ साली अमेरिकेत डेव्हिड सॉलोमन यांनी दाखवलं की सरासरीपेक्षा फार हळू आणि फार वेगात जाणाऱ्या, दोन्ही टोकांच्या गाड्यांना अपघाताचा धोका जास्त. तिथून "प्रवाहाबरोबर चला, मग वेग कितीही असो" हा सल्ला रूढ झाला. गोची अशी की अपघाताआधीचे वेग बरेचसे अंदाजाने लावलेले होते, आणि वळण्यासाठी किंवा थांबण्यासाठी वेग कमी केलेल्या गाड्याही 'हळू जाणाऱ्या' म्हणून मोजल्या गेल्या. वळताना मागून धडक बसलेली गाडी हळू चालवल्यामुळे अपघातात सापडली, असं म्हणणं जरा अवघडच आहे.

ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेड विद्यापीठाच्या पथकाने १९९७ मध्ये हे काम जास्त काटेकोरपणे केलं. ६० ची मर्यादा असलेल्या रस्त्यांवरच्या अपघातांतल्या गाड्यांचा वेग त्यांनी घटनास्थळाच्या खुणांवरून काढला, आणि त्याच जागी, त्याच वेळेला, सुरळीत जाणाऱ्या गाड्यांच्या मोजलेल्या वेगाशी ताडून पाहिला. ६० च्या वर दर ५ किलोमीटरला इजा होणाऱ्या अपघाताचा धोका साधारण दुप्पट होत होता. ६५ ला दुप्पट, ७० ला चौपट. ६५ चा धोका त्यांच्या हिशेबात रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या चालकाच्या धोक्याएवढा भरला. "थोडीशीच घेतली होती" हे कारण आपण मान्य करत नाही. "थोडासाच जास्त होता" मात्र सहज पटतं.

दाव्यातला खरा अंश एवढाच: अपघाताची सुरुवात पुष्कळदा वेगामुळे होत नाही. कोणी फोनमध्ये बघत असतो, कोणी इंडिकेटर न देता वळतो. पण चूक झाल्यावर ती सावरायला वेळ मिळतो का, आणि नाहीच सावरली तर खरचटतं की जीव जातो, हे वेग ठरवतो. शिवाय दुसऱ्याची चूक आधी हेरता येत नाही. स्वतःचा वेग मात्र आपल्या पायाखाली असतो.

"झुडपाआड लपतात म्हणजे पकडायचंच आहे"

हा मुद्दा अर्धा खरा आहे. ठळक दिसणाऱ्या कॅमेऱ्याजवळ वेग पडतो आणि तो मागे पडला की पुन्हा चढतो. या क्षेत्रात याला कांगारू उडी म्हणतात. शाळेजवळच्या किंवा वारंवार अपघात होणाऱ्या एका वळणासाठी असा कॅमेरा योग्यच, कारण तिथे तेवढ्याच टापूत वेग कमी हवा असतो. अख्ख्या रस्त्यावर वेग आटोक्यात ठेवायचा असेल तर "कुठेही असू शकतो" ही शंका उपयोगी पडते. न्यूझीलंडमध्ये १९९७ पासून एका भागात लपवलेले कॅमेरे लावून पाहिले. वेगातली आणि अपघातांतली घट कॅमेऱ्याच्या जागेपुरती न राहता आसपासच्या रस्त्यांवरही दिसली. तेव्हा लपणं हा वसुलीचा पुरावा नाही. कुठे लपले, हे विचारा.

दोन्हींपेक्षा सरस उपाय म्हणजे सरासरी वेग मोजणं. दोन टोकांना नंबरप्लेट वाचणारे कॅमेरे असतात, मधलं अंतर मोजलेलं असतं. ४ किलोमीटर अंतर आणि ८० ची मर्यादा असेल तर किमान १८० सेकंद लागायला हवेत. १५० सेकंदांत पोहोचलात तर सरासरी ९६ भरली. कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून काही उपयोग नाही.

"मशिनं खोटी असतात"

मशिनं चुकतात. पण कधी आणि कोणत्या बाजूला, हे कळलं तर भांडण मुद्द्यावर राहतं. रस्त्याकडेला उभ्या रडारचा झोत गाडीच्या दिशेशी कोन करून पडला तर वेग कमी दिसतो, जास्त नाही: २० अंशांचा कोन असेल तर ८० ची गाडी ७५ दाखवते. ही चूक चालकाच्या फायद्याची. चालत्या पोलीस गाडीतल्या रडारचं तसं नाही. ते समोरच्या गाडीचा वेग काढताना स्वतःचा वेग वजा करतं; स्वतःचा वेगच कोनामुळे कमी मोजला गेला तर समोरच्याच्या खात्यात नसलेला वेग चढतो. अशा पावतीत रडारने नोंदवलेला पोलीस गाडीचा वेग आणि त्या गाडीच्या स्पीडोमीटरवरचा वेग जुळत होता का, हे विचारावं.

दुसरी अडचण ओळख पटण्याची. साधारण १२ अंशांचा रडारचा झोत ३०० मीटरवर ६० मीटरहून रुंद होतो. त्यात चार गाड्या असतील तर आकडा कोणाचा? म्हणून आधी नजरेने अंदाज आणि मग मशिनची खातरजमा, हा नियम असतो. लेझर गनचा ठिपका तेवढ्याच अंतरावर मीटरभराचा असतो, तिथे गाडी चुकत नाही. पण हात हलून ठिपका गाडीच्या कडेवरून सरकत गेला तर अंतरातला फरक वेग म्हणून मोजला जाऊ शकतो. म्हणून नेम नंबरप्लेटवर धरायचा असतो. वाद घालायचाच तर मशिनचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र (अचूकता तपासल्याचा दाखला), त्या दिवशीच्या चाचणीची नोंद, गाडी ओळखता येईल असा फोटो आणि मर्यादेचा फलक नेमका कुठे आहे, एवढं मागावं. "मशिनं खोटी असतात" या वाक्यावर कोणतीही पावती रद्द होत नाही.

आणखी एक गोष्ट फॉरवर्ड सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचंच नाही. जास्त दाखवलं तर १० टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत चालतं. म्हणजे या नियमाने बनलेल्या गाडीचा खरा वेग ६८ भरला, तर काट्यावर ६८ किंवा त्याहून जास्तच दिसत होते. अपवाद कंपनीने दिले त्यापेक्षा मोठे टायर बसवलेल्यांचा. त्यांचा काटा मागे पडू शकतो.

"ही निव्वळ वसुली आहे"

वसुली होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या काउंटींच्या (म्हणजे जिल्ह्यांच्या) आकडेवारीवर २००९ मध्ये आलेल्या अभ्यासात, महसूल घटला की पुढच्या वर्षी पावत्या वाढतात, असं दिसलं. मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन या शहराच्या पोलिसांचा भर सुरक्षिततेपेक्षा महसुलावर होता, हे अमेरिकेच्या न्याय खात्यानेच २०१५ च्या अहवालात लिहिलं. फ्लोरिडातल्या वाल्डो या गावात मर्यादा थोड्या अंतरात पुन्हा पुन्हा बदलायची. पावत्यांचा कोटा ठरवल्याचं उघड झालं आणि २०१४ मध्ये तिथलं पोलीस दलच बंद करावं लागलं.

पण फॉरवर्ड इथे एक उडी मारतो: हेतू पैशांचा, म्हणून परिणाम शून्य. मॅकॉव्स्की आणि स्ट्रॅटमन या अर्थशास्त्रज्ञांनी मॅसॅच्युसेट्समध्ये नेमकं हेच तपासलं. पैशांची चणचण असलेली गावं जास्त पावत्या फाडतात, हे त्यांनीच दाखवलं होतं. २०११ च्या पुढच्या अभ्यासात त्यांनी त्याच चणचणीचा आधार घेऊन पाहिलं, की पैशांसाठी वाढलेल्या पावत्यांनी रस्त्यावर काय होतं. अपघात आणि जखमी, दोन्ही कमी झाले. उलटा प्रयोग ओरेगॉन राज्यात आपोआप घडला: २००३ मध्ये पैशांअभावी राज्य पोलिसांतले सुमारे एक तृतीयांश जवान कमी केले, पावत्या घटल्या, आणि महामार्गांवरचे मृत्यू व जखमी वाढले.

परिणाम कायमचा नसतो, हेही खरं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या चालकांवरच्या २००३ च्या अभ्यासात, दंड झाल्यानंतरच्या महिन्यात जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी होता. तीन-चार महिन्यांत तो फरक विरून गेला. म्हणून क्वचित होणाऱ्या जबर दंडापेक्षा हमखास होणारा छोटा दंड जास्त कामाचा.

कॅमेऱ्यांच्या यशाचे सरकारी आकडेही डोळे झाकून घेऊ नयेत. एखाद्या ठिकाणी एका वर्षी अपघात फार झाले म्हणून कॅमेरा बसतो. पुढच्या वर्षी ते काही प्रमाणात आपसूकच कमी होणार असतात. ती घट कॅमेऱ्याच्या नावावर टाकणं ही चलाखी झाली. कॅमेरा नसलेल्या तशाच रस्त्यांशी तुलना आणि आधीच्या तीन ते पाच वर्षांचे आकडे, हे दोन्ही हवं. कॉक्रेन ही एकाच विषयावरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०१० च्या आढाव्यात ३५ अभ्यास पाहिले गेले. अभ्यासांचा दर्जा मध्यम असल्याचं त्यात मान्य केलं आहे, तरी मृत्यू आणि गंभीर इजांचे अपघात कॅमेऱ्यांच्या परिसरात ११ ते ४४ टक्क्यांनी घटलेले आढळले.

तुमच्या रस्त्यावरची जागा वसुलीची आहे का, हे मात्र तपासता येतं. मर्यादा ८० वरून एकदम ५० झाली आणि फलकानंतर शंभर मीटरच्या आत गन लावली आहे का? ती सरळ उताराच्या पायथ्याशी आहे का, जिथे गाडी आपोआप वेग घेते आणि ओलांडायला माणूस कोणी नसतो? दहातल्या सात-आठ गाड्या मर्यादा मोडत असतील तर बहुधा रस्त्याची रुंदी आणि मर्यादा यांचं जमत नाही. तिथे मर्यादा तपासणं किंवा रस्ता अरुंद करणं हे पावत्यांच्या आधी यायला हवं. त्या जागेची अपघातांची नोंद आणि पावत्यांची संख्या, दोन्ही लेखी मागा. एकीकडे शून्य आणि दुसरीकडे हजारो निघाल्या, तर ती गन तिथून उचलून जिथे माणसं मरतात त्या चौकात न्या, अशी मागणी करा.