१२ टक्क्यांत शेती मावत नाही

एका लेखात म्हटलंय की महाराष्ट्राच्या उत्पन्नात शेतीचा वाटा जेमतेम १२ टक्क्यांच्या आसपास, मग तिच्यावर एवढा खर्च कशाला? वाचून राहवलं नाही. मी वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातला कापूस-सोयाबीनवाला.

माझा क्विंटलभर कापूस जिनिंगला, म्हणजे बी वेगळं करायला, गेला की साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी, म्हणजे बी. १७० किलोची एक गाठ बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. सरकीचं तेल निघतं, उरलेली ढेप चारा म्हणून दूधवाल्यांच्या गोठ्यात जाते. त्यात गाडीभाडं, हमाल, मापारी, गाठी बांधणाऱ्या प्रेसवरची माणसं, गाठी नेणारे ट्रक, पुढे सूतगिरणी. राज्याच्या उत्पन्नाच्या हिशेबात शेतीच्या नावावर फक्त माझा कापूस पडतो. पुढचं सगळं उद्योग आणि सेवा क्षेत्रात मोजतात!

२०१७ साली गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली, तेव्हा आमच्या किराणावाल्यानं मला उधारीची वही दाखवली होती. पानंच्या पानं भरलेली, एकही खातं चुकतं झालेलं नाही. त्या दिवाळीत कापड दुकानात शुकशुकाट होता, सोनाराकडे लोक घ्यायला नाही, मोडायला जात होते.

आणि कोरोनात काय झालं? राज्याच्या २०२०-२१ च्या आर्थिक पाहणीत एकूण अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी घटण्याचा अंदाज होता, शेती मात्र ११.७ टक्क्यांनी वाढण्याचा. शहरातले कारखाने बंद पडल्यावर पोरं गावाकडेच परतली ना? राज्यातली जवळपास निम्मी कामकरी माणसं आजही शेतीवर आहेत. त्यांच्या खिशात पैसा नसेल तर शहरात बनलेला माल घेणार कोण, हे लेखकानं सांगावं.