यादीतून सोलापूर खोडण्याआधी हे वाचा

ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एमबीबीएसच्या प्रवेशाबद्दल एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर लिहिलंय ‘एका सीनियर डॉक्टरांचा सल्ला’, पण डॉक्टरांचं नाव कुठेच नाही. म्हणणं असं: मुंबईबाहेरच्या डिग्रीला किंमत नाही, तिथे पेशंट बघायला मिळत नाहीत, पीजीला (एमडी-एमएसला) मुंबईचीच मुलं लागतात, बाहेरच्या विभागात आपल्याला फक्त ३० टक्के जागा, आणि मुंबईत मूल डोळ्यांसमोर राहतं. तेव्हा पसंतीक्रमात मुंबईशिवाय काही भरू नका, नाहीच लागलं तर नवी मुंबईत मॅनेजमेंटची सीट घ्या.

घोडबंदरला राहणाऱ्या माझ्या वहिनीने हे वाचून पुतण्याच्या यादीतून मिरज, सोलापूर, अंबाजोगाई सगळं काढून टाकलं आणि मग मला फोन केला. मी एमबीबीएस सोलापूरला केलंय. तेव्हा जरा तिखट लिहिलं जाईल.

‘बाहेरची कॉलेजं भरूच नका’ हा सल्ला नुसता चुकीचा नाही, त्यात मुलाचं वर्ष जाऊ शकतं. यादी वरून खाली बघितली जाते. तुमच्या मेरिटला वरचं कॉलेज मिळत असेल तर तेच मिळतं. खाली सोलापूर लिहिलंय म्हणून परळचं केईएम हातचं जात नाही. वरचं एकही मिळालं नाही आणि खाली काही लिहिलेलंच नसेल, तर मात्र त्या फेरीत हात हलवत परत यायचं. शिवाय पहिल्या फेरीत मिरज लागलं, प्रवेश घेतला आणि स्टेटस रिटेन्शन (‘हीच जागा ठेवतो, पुढची नको’ असा फॉर्म) भरून दिलं नाही, तर पुढच्या फेरीत वरच्या पसंतीसाठी विचार होतोच. राज्यातले प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत हे सगळं आहे. पण ती वाचायला कंटाळा, आणि निनावी मेसेज मात्र तीन ग्रुपवर ढकलायचा!

आता मॅनेजमेंटच्या सीटचं. नवी मुंबईतल्या अभिमत (डीम्ड) विद्यापीठांच्या जागा राज्याच्या यादीतून भरल्याच जात नाहीत, त्या दिल्लीहून एमसीसी ही केंद्राची समिती भरते. ‘सीनियर डॉक्टरांना’ एवढंही ठाऊक नाही. तिथली फी वर्षाला वीस लाखांच्या वर. तेवढ्यात सरकारी कॉलेजातलं अख्खं एमबीबीएस होऊन पैसे उरतील. बरं, यांची ‘मुंबई’ तरी कुठली? मेसेजमध्ये कामोठ्याचं असंच एक कॉलेज मुंबईत धरलंय. कामोठे पनवेल तालुक्यात, जिल्हा रायगड. त्याच रायगड जिल्ह्यातलं अलिबागचं सरकारी कॉलेज मात्र ‘गावाकडचं’.

डिग्रीची किंमत म्हणाल तर अभिमत आणि केंद्रीय संस्था सोडल्या की राज्यातली सगळी मेडिकल कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली आहेत, १९९८ पासून. परळच्या मुलाला आणि अंबाजोगाईच्या मुलीला अभ्यासक्रम एकच, पेपर एकच, पदवीवर विद्यापीठाचं नावही एकच. पीजीचंही तसंच. नीट-पीजीची रँक लागते. एमबीबीएस कुठून केलं याला गुण नाहीत. आणि ७०:३० चा विभागीय कोटा (७० टक्के जागा त्या विभागातल्या मुलांना, ३० बाहेरच्यांना) २०२० मध्येच रद्द झाला. मेसेज तेव्हापासूनचा शिळा असावा.

‘बाहेर पेशंट मिळत नाहीत’ हे वाचून मात्र हसावं की रडावं कळेना. सोलापूरच्या सिव्हिलला निम्मा जिल्हा येतो, वर सीमेपलीकडून विजयपूर, कलबुर्गीचेही येतात. इंटर्नशिपमध्ये रात्री फवारणीच्या औषधाची विषबाधा झालेला शेतमजूर यायचा. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगाला तो उग्र वास. त्यावरचं औषध अ‍ॅट्रोपिन सुरू केलं की उठायचं नाही. दर काही मिनिटांनी छातीला स्टेथो, बाहुली, नाडी, परत डोस. छातीतली घरघर थांबेपर्यंत. रेसिडेंट दुसऱ्या पेशंटवर, म्हणजे खाटेपाशी तुम्हीच. अडीचशेच्या बॅचमध्ये मागच्या रांगेतून टाचा उंचावून हे शिकता येत नाही.

डॉ. हिंमतराव बावस्कर नागपूरच्या मेडिकलचे. त्यांनी महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाने दगावणारे पेशंट पाहिले, रक्तदाबावरचं प्राझोसिन वापरून त्यांना वाचवता येतं हे दाखवलं आणि ते काम ‘लॅन्सेट’ या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पेशंट नव्हते म्हणे!

एक गोष्ट कबूल करते, जिवावर आलं तरी. सुपरस्पेशालिटी विभाग मुंबईत जास्त आहेत, आणि केईएम लागत असेल तर डोळे मिटून घ्या. २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा नवी सरकारी कॉलेजं सुरू झाली, आपल्या जिल्ह्यातलं अंबरनाथही त्यातलंच. अशा ठिकाणी शिक्षक किती, वॉर्ड किती चालू, हॉस्टेल आहे का, हे स्वतः जाऊन बघा. पण ही शंका नव्या कॉलेजांबद्दल आहे. १९६० च्या दशकातलं मिरज किंवा सोलापूर त्या पंगतीत बसत नाही. आणि त्या दहांतलं एक खुद्द मुंबईत आहे, त्याचं काय?

राहिलं ‘मूल डोळ्यांसमोर राहतं’. ठाण्याहून परळला सकाळच्या लोकलने लोंबकळत जाऊन, इमर्जन्सी पोस्टिंग संपवून येणारं मूल घरी फक्त झोपायला येतं. सोलापूरला सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहे. रात्री कल्याणला बसलं की सकाळी तिथे, डबा पोचवायचा असेल तर.