रनिल यांची निवड बेकायदा नव्हती. दुखणं वेगळं होतं

श्रीलंकेतल्या २०२२ च्या उठावाबद्दल एक मजकूर सारखा फिरत असतो. लोकांनी अध्यक्ष गोटाबाया राजपक्षेंना पळवून लावलं, पण संसदेने घटना धाब्यावर बसवून निवडणूक हरलेल्या रनिल विक्रमसिंघेंना (तेव्हाचे पंतप्रधान) खुर्चीत बसवलं आणि लोकांच्या हाती धुपाटणं आलं, असा त्याचा सूर. त्यामागचा संताप मलाही मान्य आहे. पण चुकीच्या तपशिलांमुळे खरा दोष झाकला जातो.

आधी ‘घटना धाब्यावर बसवली’ हे. तिथला अध्यक्ष एरवी थेट जनतेच्या मतांनी निवडला जातो. त्याने मुदतीआधी पद सोडलं तर उरलेल्या काळापुरता संसदेने आपल्यातलाच एक सदस्य गुप्त मतदानाने निवडायचा, असं घटनेचं ४० वं कलम सांगतं. १९९३ मध्ये अध्यक्ष प्रेमदासांच्या हत्येनंतर डी. बी. विजेतुंगा याच वाटेने, तेही बिनविरोध, अध्यक्ष झाले होते.

२० जुलै २०२२ ची निवडणूक मात्र चुरशीची झाली. खासदारांनी मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहून मतं दिली; एक जण तर इस्पितळातून हाताला सलाईन लावूनच आला होता. रनिल यांना १३४, राजपक्षेंच्या पक्षातून फुटलेल्या दुल्लस अलाहप्पेरुमांना ८२ आणि डाव्या पक्षाचे नेते अनुरा कुमार दिसानायकेंना ३ मतं पडली. चार बाद झाली.

‘हरलेला माणूस’ हे अर्धसत्य आहे. २०२० च्या निवडणुकीत रनिल स्वतः पडले, त्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार निवडून आला नाही. पण देशभरच्या मतांच्या प्रमाणात मिळालेल्या राष्ट्रीय यादीतल्या एकुलत्या एका जागेवरून ते जून २०२१ मध्ये खासदार झाले. म्हणजे उभं राहायचा हक्क त्यांना होताच.

खरं दुखणं इथे आहे. गोटाबाया राजपक्षेंना २०१९ मध्ये ६९ लाख मतं मिळाली होती. त्यांच्या जागी माणूस निवडणारी संसद २०२० ची, राजपक्षे लाटेत निवडून आलेली. ज्या घराण्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, त्याच्याच पक्षाच्या खासदारांनी नवा अध्यक्ष ठरवला. रनिल यांचा शपथविधी २१ जुलैला झाला आणि २२ च्या पहाटे कोलंबोच्या किनाऱ्यावरच्या गॉल फेस मैदानातल्या आंदोलकांवर लष्कर व पोलीस तुटून पडले. मला सगळ्यात जास्त चीड याची येते.

‘हाती काहीच लागलं नाही’ हेही पटत नाही. २१ सप्टेंबर २०२४ ला थेट निवडणूक झाली, रनिल तिसरे आले आणि दिसानायके अध्यक्ष झाले.

रनिल यांना जाब विचारायचाच असेल तर तो २०२३ च्या स्थानिक निवडणुकांबद्दल विचारा. तिजोरीत पैसा नाही म्हणून त्या लांबवल्या गेल्या. त्यातून नागरिकांच्या मूलभूत हक्कांचा भंग झाला, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ठरवलं. मतदान झालं ते थेट मे २०२५ मध्ये.